लाकडी चर्चचं दार

"मम्मी, दार उघडत नाहीये!"

मी संगमनेरात, पोळ्या करत होते. फोनवर माझी लेक सुकन्या, युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेलेली. तिथं लढाई पेटली आणि त्या दिवशी तिला सरहद्दीकडे नेणारी बस मिळाली होती. बस एका उघड्यावरच्या संग्रहालयापाशी थांबलेली. खेड्यापाड्यांतली जुनी लाकडी चर्च ओंडका ओंडका सुटा करून आणायची आणि इथं पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, असं ते संग्रहालय. भोंगा वाजला तशी बाकीची पोरं तळघरात पळाली आणि आमच्या बाईसाहेब दिसलं त्या चर्चमध्ये शिरल्या. जवळच बाँब पडला, सगळं हादरलं आणि दार चौकटीत गच्च बसलं.

"ढकल की!"

"ढकललं गं. बस निघतेय. पार्थ बसमधून फोन करून म्हणतो, इथला राखणदार तुला शोधतोय, पण चर्च पुष्कळ आहेत. कोणतं ते सांग, म्हणतो. मला काय माहीत कोणतं!"

"मग ओरड!"

"एवढाल्या ओंडक्यांतून आवाज जातोय होय?"

माझे मिस्टर शांतवन जवळ आले. "खिडकी हाय का इचार," ते म्हणाले. खिडकी होती, पण तळहाताएवढी. सगळं लाकूडच, एक ठिणगी पुरे, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते.

"मम्मी, थंडीनं पाय बधिर झालेत."

"का? बूट कुठायत?"

"बाहेर पायरीवर काढलेत."

"अगं बये! बाँब पडतायत आणि तू बूट काढत बसलीस?"

"चर्च आहे ना गं," ती रडत म्हणाली.

आमच्या गावच्या चर्चमध्ये चपला दाराबाहेरच काढतात. विसरली की मीच तिला धपाटा घालायचे. आणखी झापणार, एवढ्यात माझी ट्यूब पेटली. तिकडचे लोक बूट घालूनच चर्चमध्ये जातात, हे तिनंच मला सांगितलं होतं.

"पार्थला सांग, ज्या दाराबाहेर बूट दिसतील ते चर्च! ठेव माझा फोन. आत्ता!"

मी ओटा धरून उभी राहिले. शांतवन डोळे मिटून प्रार्थना करत होते.

फोन वाजला. सुकन्याला धाप लागली होती. "सापडले, मम्मी! म्हाताऱ्या राखणदारानं पहारीनं दार उचकटलं. बसमध्ये बसलेय मी."

मला रडूच फुटलं. "त्या बाबांना पण घ्या की गं बसमध्ये."

"बोलावलं. येत नाहीत," ती म्हणाली. "दार परत बसवतायत."