धूर कुणाच्या नावावर

मित्रांनो, मी एक जुना वीज मीटर आहे आणि आज माझं डोकं तापलंय. बेळगावात, वडगावच्या विणकर गल्लीत, तम्मण्णाच्या दारामागं मी टांगलेला असतो. तरुणपणी माझी चकती अशी फिरायची, की तिच्या वाऱ्यानं भिंतीवरची पाल उडाली ती थेट गुंजीच्या स्टेशनावर उतरली. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा.

पुढच्या खोलीतले साड्यांचे माग वेगळ्या मीटरवर चालतात. माझ्यावर फक्त घर. दिवे, पंखा, मिक्सर आणि स्वयंपाकघरातलं कांडीमशीन. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं ते. कुकरची शिट्टी होईतो तम्मण्णाची बायको चंपाबाई कांड्या भरते, भाकऱ्या थापून झाल्या की पुन्हा भरते. बाईनं चुलीपाशी बसून केलं, म्हणून ते घरकाम. मला हे कधीच पटलं नाही, पण मीटरला विचारतो कोण?

गेल्या महिन्यात पाहणीसाठी राजेश्वरी मॅडम आल्या. घरोघरच्या विजेपायी किती कोळसा जळतो, किती कार्बन हवेत जातो, ते त्या मोजत होत्या. चांगलं काम. माझे आकडे उतरवून त्यांनी विचारलं, "अण्णा, घरात काही धंदा चालतो का?"

"धंदा मागावर. घरात काय न्हाय," तम्मण्णा म्हणाला.

आत कांडीमशीन घुमत होतं. माझी चकती रागानं उलटी फिरायच्या बेतात होती.

आठवड्याभरात मॅडमच्या मोजणीचा लाल कागद दारावर चिकटला. गल्लीत सगळ्यांत जास्त धूर याच घराचा म्हणे. समोरच्या मारुतीरावांचा बंब रोज सकाळी लाकडं जाळून गल्ली काळी करतो, त्यांना हिरवा कागद. बंबाला मीटर नसतो ना.

"मशीन बंद कर गं. उद्यापासनं हातचरख्यावर भर," तम्मण्णा म्हणाला.

"माझा खांदा उचलत न्हाय, ठावं हाय न्हवं?"

"मला गल्लीत तोंड दाखवायचं हाय."

चंपाबाईनं मशीन बंद केलं. चरख्यालाही हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक माग थांबला.

"कांड्या कुटं हायत गं?"

"कसल्या कांड्या? घरात धंदा न्हाय, तुमीच म्हणालासा की."

तम्मण्णा चपला घालून गेला आणि मॅडमना घेऊनच आला. दारातच, मारुतीरावांनाही ऐकू जाईल असं म्हणाला, "लिवा मॅडम. घरात धंदा चालतो. बायको करती."

"मग ही वीज साडीची धरायची, घराची नव्हे," मॅडम म्हणाल्या. "आधी का नाही सांगितलंत?"

तम्मण्णा आत जाऊन कांडीमशीनपाशी उभा राहिला. चंपाबाईनं बटण दाबलं. "सरका तिकडं, उजेड अडवू नगासा."

मित्रांनो, धूर जरूर मोजा. पण माझा आकडा उतरवण्याआधी घरात कुणाचे हात राबतात ते बघा आणि त्याला काम म्हणा. मी फक्त आकडा दाखवतो. लाज कुणी बाळगायची, ते माझ्यावर लिहिलेलं नसतं.