रविवारचं मशीन

“खोका, बिल, वॉरंटी कार्ड. सगळं आहे. मुदत उद्या संपतेय, आज नाही,” असं बजावत त्याने आईचं कानाचं मशीन काउंटरवर ठेवलं.

परदेशात लिफ्टदुरुस्तीचं काम करणाऱ्या या गड्याला सोबतचे ‘पावतीशेठ’ म्हणत. त्याच्या खोलीत कपड्यांना जागा नव्हती, पण इस्त्रीपासून केटलीपर्यंत प्रत्येक वस्तूचा रिकामा खोका पलंगाखाली सुखाने नांदत होता. कुणाचा पंखा बिघडो की मोबाइल, पावतीशेठ सोबत गेला की दुकानदार मुकाट्याने बदलून देई. आज तर प्रश्न आईचा होता. मशीन त्याने इथूनच घेऊन गावी पाठवलं होतं. ते बंद पडल्यावर तीन रविवार तो फोनवर नुसता ओरडला, तेव्हा शेजारणीने इकडे येणाऱ्या एकाबरोबर ते परत धाडलं.

काउंटरवरच्या बाईंनी मशीन उघडलं.

“सेल आतच ठेवून पडून राहिलंय. सेल पाझरला, पट्ट्या गंजल्या.”

“पडून कसं? आई रोज वापरते!”

बाईंनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

“वर्षभरात जेमतेम चोवीस तास. तेही फक्त रविवारी, अर्धा-अर्धा तास.”

दर रविवारी तो अर्धा तास फोन करायचा.

त्याला सगळं उमगलं. लेकाने पाठवलेली महागाची वस्तू झिजू नये म्हणून आई सहा दिवस काही न ऐकता काढत होती आणि मशीन डबीत जपत होती. जपायची ही खोड त्याने तिच्याकडूनच तर उचलली होती.

“हे वॉरंटीत बसत नाही,” बाई चाचरत म्हणाल्या. त्याची ख्याती त्यांच्या कानावर होती.

“नसूच दे. चूक आमची आहे,” तो म्हणाला आणि त्याने पाकीट काढलं. बाई बघतच राहिल्या.

दुरुस्त झालेलं मशीन गावी पोचल्याचं कळताच त्याने शेजारणीच्या फोनवर फोन लावला.

“थांबा हं, डबीतून काढून घालू दे त्यांना,” शेजारीण म्हणाली.

“अरे, आज तर बुधवार! बरा आहेस ना?” आई घाबरली होती.

“ठणठणीत आहे. नीट ऐकू येतंय?”

“येतंय की. बोलून झालं की ठेवते काढून.”

“काढू नकोस. उद्याही करणार आहे मी. परवाही.”

“रोज घालून खराब होईल रे.”

“होऊ दे. मी बसलोय ना!”



“मग ही डबी कुठे ठेवू?”

त्याने पलंगाखालच्या खोक्यांकडे एकदा पाहिलं.

“टाकून दे,” तो म्हणाला.