जपून ठेवलेली दीड वर्षं

मास्तरांनी शर्टाची तीन बटणं सोडली, मध्ये दोनदा थांबले, आणि काचेचं भांडं ठेवावं तसं स्वतःला तपासणीच्या पलंगावर अलगद ठेवलं. छातीत पेसमेकर बसवून दीड वर्ष झालं होतं. बॅटरी साधारण नऊ वर्षं जाईल, असं तेव्हा सांगितलेलं. चाला-फिरा, हेही सांगितलं होतं, पण ते कानामागे गेलं. या शहाण्या माणसानं मनाशी हिशेब पक्का केला: हालचाल कमी, तर बॅटरी जास्त.

झालं! चाळीस वर्षं पायानं चालवलेलं शिलाई मशीन बंद, दुकानाला कुलूप. जिना नको, नातीला उचलणं नको. तिच्या बोबड्या बोलण्यावर हसू आलं तरी ओठ घट्ट मिटून घ्यायचे. छातीत जरा खुट्ट झालं की काळजाचं पाणी. बायको म्हणायची, अहो, ठेवणीतले कपडेसुद्धा वर्षातून एकदा उन्हात काढतात. मास्तर उत्तर देत नसत. बोलण्यातही बॅटरी जात असेल, कोण जाणे.

तपासणाऱ्या बाईंनी छातीवर चपटं यंत्र टेकवलं आणि पडद्याकडे पाहिलं.

“अजून सहा वर्षं जाईल.”

मास्तरांना दरदरून घाम फुटला. नवाची सहा? दीड वर्षात तीन गेली, तीही इतकं जपून?

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पेसमेकर माणसाच्या हालचालीचीही नोंद ठेवतो. इथे पहिल्या दिवसापासून रेघ जमिनीला चिकटलेली होती.

“अंथरुणाला खिळून होता का?”

मास्तरांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

“आजारी नव्हते,” ती म्हणाली. “जीव सांभाळत होते.”

बाईंनी समजावून सांगितलं. मास्तरांचं हृदय आपलं आपण चालतं तेव्हा यंत्र गप्प बसतं. ते मंदावलं की यंत्राला राबावं लागतं. बसून बसून ठोके मंदावत, आणि बॅटरी खर्ची पडे.

मास्तर त्या सपाट रेघेकडे बघत राहिले. भीती गेली नव्हती, उलट वाढली होती. फक्त आता ती पुढच्या सहा वर्षांची नव्हती, मागच्या दीड वर्षाची होती. बटणं लावताना या वेळी ते मध्ये थांबले नाहीत.

“दुकानाची किल्ली कुठंय?”

“पर्समध्ये,” बायको म्हणाली. “रोज घेऊनच निघते.”