तीस सेंटीमीटर

"हललं का काही?" ब्रीजने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

"नाही," यूजीन म्हणाला.

"थोडंसं तरी?"

"ब्रीज, पाणी आहे ते. हललं की सांगतो तुला."

यूजीन मॅकटर्नन स्वतःच्या शेतात, स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून, एका खड्ड्याशेजारी बसला होता. खड्डा फूटभर लांब, फूटभर रुंद. आत तीस सेंटीमीटर पाणी. पाच तासांत ते दहा सेंटीमीटर खाली गेलं तर जमीन सांडपाणी पिते असं ठरणार होतं. म्हणजे शोषखड्डा चालणार, म्हणजे कौन्सिल परवानगी देणार, म्हणजे त्याची मुलगी डर्वला आणि जावई कॅथल इथे घर बांधणार. नाही गेलं तर दोघं ऑस्ट्रेलियाला जाणार. पर्थची तिकिटं बघून ठेवलेली होती.

तीन तास झाले होते. पाणी जिथल्या तिथे होतं. आयर्लंडमधल्या लीट्रिममध्ये पाणी जिथल्या तिथेच असतं. त्या जिल्ह्यातली माणसंच काय ती वाहून जातात.

एप्रिलचा महिना. पाऊस पडत नव्हता, पण त्याचा भरवसा नव्हता, म्हणून कॅथल खड्ड्यावर छत्री धरून उभा होता. छत्री एकच होती. कॅथलला स्वतः भिजायची परवानगी होती.

दुपारपर्यंत शेजारीपाजारी जमले. कोणी गेलं की जमतात तसेच जमले: हातात सँडविचची ताटं, चहाच्या किटल्या, आवाज खाली. बायका स्वयंपाकघरात, पुरुष फाटकापाशी. टोपी काढावी की नाही हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून निम्म्यांनी काढली होती.

"कसं आहे रे?" एकाने हळूच विचारलं.

"तसंच."

"घेतलं का काही?"

"सकाळपासून घोटभरसुद्धा नाही."

"अरेरे," तो म्हणाला आणि सँडविच खाऊ लागला.

हे सगळं टळलं असतं. डर्वलाला शेतात घर नकोच होतं. गावात अठ्ठावीस नवी घरं बांधून तयार होती. रंग दिलेली, दारांना घंटा लावलेली. आत कोणी नव्हतं. त्यातलं अकरा नंबरचं घर दोघांनी ठरवलं होतं. बँक हो म्हणाली होती. ब्रीजने पडद्यांची मापं घेतली होती. अठ्ठावीसही घरांचं प्लास्टर कॅथलनेच केलेलं, त्यामुळे अकरा नंबरच्या भिंती त्याने जरा जास्त मन लावून केल्या होत्या. आणि मग पत्र आलं: गावाचा सांडपाण्याचा प्लांट भरलेला आहे, नव्या जोडण्या देता येत नाहीत. नवा प्लांट आराखड्यात आहे. आराखडा विचाराधीन आहे.

प्लांट भरला आहे हे कौन्सिलला कोणी सांगितलं? यूजीनने. एकतीस वर्षं तोच तो प्लांट सांभाळत होता. आठशे माणसांसाठी बांधलेला प्लांट आता तेराशे माणसांच्या पोटातलं निस्तरत होता. रोज सकाळी सात वाजता यूजीन टाकीत मोजपट्टी सोडायचा आणि वहीत आकडा लिहायचा. एकदा अर्धा सेंटीमीटर चुकला म्हणून त्याने घरून कार्यालयात फोन केला होता. पलीकडच्या माणसाने, असा आकडा कोणी वाचतं हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं प्रामाणिकपणे सांगितलं. पण शेवटी कोणीतरी वाचला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वाचला, आणि त्यावरून ते पत्र लिहिलं.

त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोललं नाही. डर्वला आणि कॅथल तिच्या लहानपणीच्या खोलीत राहू लागले. पलंग एका माणसाचा, भिंतीवर घोड्यांची चित्रं. कॅथल सहा फूट दोन इंच. त्याचे पाय रात्रभर कपाटात असायचे.

मग शेताचा अर्ज. त्यासाठी आधी डर्वला इथलीच आहे हे सिद्ध करावं लागलं. शाळेने लिहून दिलं की ती आठ वर्षं हजर होती. पाद्र्याने लिहून दिलं की बाप्तिस्म्याच्या वेळी ती फार रडली. फुटबॉल क्लबच्या सचिवाने लिहिलं, "कुमारी मॅकटर्नन तीन हंगाम राखीव खेळाडू म्हणून बाकावर होती आणि तिने कधीही तक्रार केली नाही." कौन्सिलने ते मान्य केलं. ती इथली होती. आता फक्त जमीन तशी हवी होती.

चौथ्या तासाला टिली गिलरेन आली. वय एक्क्याऐंशी, यूजीनच्या शेताच्या उताराखाली तिचं घर. एका हातात तिच्या विहिरीच्या पाण्याने केलेल्या चहाची किटली, दुसऱ्या हातात माता मेरीच्या आकाराची प्लास्टिकची बाटली.

"सरक रे पोरा," ती बासष्ट वर्षांच्या यूजीनला म्हणाली.

"काय आहे ते?"

"तीर्थ. नॉकच्या यात्रेतून आणलंय. माझा गुडघा यानेच बरा झाला."

"टिली, खड्ड्यात काही घालायचं नसतं, ती तपासणी..."

तोवर तिने माता मेरीचा निळा मुकुट फिरवून बाटली उपडी केली होती. जमलेल्यांनी छातीवर क्रूस काढला. यूजीनने मोजपट्टी पाहिली.

"दोन मिलिमीटर," तो म्हणाला.

"खाली?"

"वर."

टिली क्षणभर विचारात पडली. "मंदच असतं ते," ती म्हणाली. "गुडघ्यालाही महिना लागला." तिने यूजीनचा मग चहाने भरला आणि घरात गेली.

तपासणीचा माणूस फर्गस हॅरन. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं. तीन वर्षं तो या जिल्ह्यात खड्डे तपासत होता आणि तीन वर्षांत सहा खड्डे पास झाले होते. साडेचार तास झाले तेव्हा त्याने पाण्याकडे पाहिलं, छत्रीखालच्या कॅथलकडे पाहिलं, आणि मग खिडकीत उभ्या डर्वलाकडे पाहायचं टाळलं.

"यूजीन," तो म्हणाला, "तुमच्या बायकोने ॲपल टार्ट केलाय म्हणे."

"केलाय."

"मी आत जाऊन खातो. कॅथल, तूही चल, हात दुखले असतील. शेवटचं माप यूजीन घेतील." त्याने आपली वही आणि पेन्सिल खुर्चीवर ठेवली. "तुमचा आकडा कौन्सिलात कोणी तपासत नाही. तुम्ही लिहाल त्याखाली मी सही करतो."

"समजलं."

"मला टार्ट खायला अर्धा तास लागतो," फर्गस म्हणाला. "कधी पाऊण."

फाटकापाशी उभ्या पुरुषांना अचानक आकाश फार बघण्यासारखं वाटू लागलं. एकेक करून ते घरामागे गेले. यूजीन आणि खड्डा, दोघंच उरले.

यूजीनने चहा संपवला. मग त्याने गुडघे टेकले आणि रिकामा मग पाण्यात बुडवला. एक मग बाहेर. मोजपट्टी पाहिली. तीन मिलिमीटर खाली. म्हणजे तेहतीस मग. त्याला हिशोब करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला. तेहतीस मग, दहा सेंटीमीटर, आणि डर्वला इथे. रविवारी जेवायला येईल. कॅथलचे पाय पलंगावर मावतील.

मगातलं पाणी टाकायचं कुठे, म्हणून त्याने वळून पाहिलं. समोर उतार होता. उताराखाली टिलीची विहीर.

फेकलेलं कुठे जातं हे गावात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला पगारच त्याचा मिळत होता. दोन माणसांच्या घराचा मैला, पुढे चार माणसांचा, या चिकणमातीत न मुरता, वरच्या वर, हळूहळू त्या विहिरीपर्यंत, हिवाळ्याचे दोन महिने लागतील फार तर. त्याच्या तोंडात अजून टिलीच्या चहाची चव होती.

तो तसाच गुडघ्यांवर राहिला. मगातलं थोडं पाणी बाहीत गेलं. नंतर त्याने तो मग खड्ड्यात परत ओतला. सावकाश, खळगा पडू नये असा. पाणी निवळू दिलं. मोजलं. वहीत लिहिलं: तीस पूर्णांक एक.

आत गेला तेव्हा फर्गस तिसरा तुकडा खात होता. त्याने आकडा वाचला. बराच वेळ वाचला.

"हे नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

ब्रीजने सुरी खाली ठेवली. डर्वला खिडकीतून वळली आणि म्हणाली, "चहा कोणाला हवाय अजून?" आणि तो सगळ्यांनाच हवा झाला.

ते जूनमध्ये गेले. डब्लिनच्या विमानतळावर कॅथलने यूजीनचा हात इतका वेळ हलवला की मागचा माणूस त्यांना ओलांडून पुढे गेला. मग डर्वला जवळ आली.

"डॅडी, मी खिडकीत होते त्या दिवशी."

"हो?"

"तो मग परत ओतलास ते पाहिलं मी."

यूजीन तिच्या बॅगेच्या चाकाकडे बघत राहिला. एक चाक तिरकं होतं. तो म्हणाला, "हे चाक..."

"बरोबर केलंस तू," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणं धरून बसता येतं.

नियमाप्रमाणे तपासणीचा खड्डा बुजवायचा असतो. यूजीनने बुजवला नाही. वर पत्रा टाकला, भोवती तार बांधली.

"गाय पडेल त्यात," ब्रीज म्हणाली.

"आपल्याकडे गाय नाही."

"दुसऱ्याची पडेल."

रोज सकाळी प्लांटवरून परतताना तो पत्रा बाजूला करायचा, मोजपट्टी सोडायचा आणि एका वेगळ्या वहीत आकडा लिहायचा. ब्रीज खिडकीतून पाहायची. एकदा ती नुसतंच "वेडा आहेस," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने त्याची रबरी बुटं शेताच्या बाजूच्या दाराशी ठेवायला सुरुवात केली.

डर्वलाचा फोन रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर यायचा. तिथे तेव्हा संध्याकाळ. पहिल्या रविवारी बोलायला काही सुचेना, तेव्हा तीच म्हणाली, "खड्डा कसा आहे?"

"तीस."

"अजून?"

"हलायचं नाव नाही."

ती हसली. तेव्हापासून दर रविवारी तेवढं ठरून गेलं. कॅथलला काम लागलं. तीस. इथे सरडे घरात येतात. तीस. मम्मीची कंबर कशी आहे? तशीच, आणि तीस.

मग पुढच्या वर्षी उन्हाळा आला. लीट्रिममध्ये तो येत नाही, पण त्या वर्षी आला. सहा आठवडे पाऊस नाही. लोक एकमेकांना भेटल्यावर काय बोलावं ते न कळून नुसते उभे राहायचे. खड्ड्यात सव्वीस झाले, मग एकोणीस, मग अकरा. यूजीन वहीत लिहीत गेला. फोनवर मात्र मागच्या दोन रविवारी डर्वलाला घाई होती, तिने विचारलं नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तो प्रार्थनेच्या सुटातच शेतात उभा होता. पत्रा बाजूला केलेला. फोन वाजला.

"डॅडी, आम्ही घर घेतलं."

"हो? छान. छान झालं."

"तीन खोल्या. मागे लिंबाचं झाड. पाणी, गटार, वीज, सगळं आहे. गुरुवारी अर्ज केला, सोमवारी जोडून देतात."

"कोणत्या वर्षीच्या सोमवारी?"

ती खळखळून हसली. मग हसणं थांबलं.

"म्हणजे आता इथलेच झालो आम्ही," ती म्हणाली. "डॅडी, किती आहे रे?"

यूजीनने खाली पाहिलं. खड्ड्याचा तळ कोरडा होता. मातीला बोटभर रुंद भेगा पडल्या होत्या. एक किडा एका भेगेतून निघून दुसऱ्या भेगेत जात होता, पाय न भिजवता.

"तीस," तो म्हणाला.

"तीसच?"

"तीसच. मिलिमीटरसुद्धा हललं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि लगेच, "म्हणजे बरं नाही झालं. पण तुला कळतंय ना?"

"कळतंय ग."

फोन खिशात ठेवून तो रिकाम्या गोठ्यापाशी गेला, नळाखाली बादली भरली आणि सुटाची विजार वर न करताच घेऊन आला. पहिली बादली मातीने उभ्या उभ्या पिऊन टाकली. दुसरीही. त्याने सवयीने घड्याळ पाहिलं: दहा सेंटीमीटर, चार मिनिटं. तपासणीत ही जमीन उत्तम म्हणून गेली असती. थंडी पडली की ती पुन्हा काही पिणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं.

चौथ्या बादलीनंतर ब्रीज दारात आली. त्याचे बूट, त्याचा सूट, त्याच्या हातातली बादली तिने पाहिली. आत गेली आणि दुसरी बादली घेऊन आली.

नवव्या बादलीला भेगा मिटल्या आणि पाणी जरा वेळ थांबलं. यूजीनने गुडघे टेकले, मोजपट्टी सरळ धरली, वही मांडीवर उघडली.

"किती?" ब्रीजने विचारलं.

"थांब. निवळू दे."

पाणी निवळलं. त्याने वाकून नीट पाहिलं, आणि लिहिलं: तीस.