उंदरिणीचा वाटा

विहाकेने काठीचे टोक ओल्या जमिनीत खुपसले आणि मान तिरकी करून ऐकले. नाही. दोन पावले सरकून तिने पुन्हा खुपसले. या वेळी काठी अलगद आत गेली, जमीन पोकळ वाजली आणि तिला हसू आले.

"सापडलं. ये धाकटे, बस इथे."

नदीवरचे धुके अजून उठले नव्हते. वाळुंजाची झुडपे त्यात कमरेपर्यंत बुडाली होती आणि वरून हंस ओरडत दक्षिणेकडे चालले होते, दिसत मात्र नव्हते. योरुन पाठीवरचे पोर सावरत गुडघ्यांवर बसली. पिवळ्या केसांची ही पोरगी नवऱ्याबरोबर समुद्रापलीकडून आलेली. नवऱ्याने, हाल्वोरने, मागच्या वर्षी नदीच्या वळणावर ओंडक्यांचे घर उभारले होते. ते वळण म्हणजे विहाकेच्या माणसांचे उन्हाळी गाव. सरकारने तिच्या लोकांना, डकोटांना, वरच्या अंगाला एक पट्टी आखून दिली आणि गाव उठले. पण विहाकेचे मक्याचे वावर दलदलीच्या कडेला होते, तिथवर हाल्वोरचा नांगर पोचला नव्हता. म्हणून ती पेरायला आणि काढायला येत राहिली.

पहिल्या खेपेला ती सरळ आत जाऊन चुलीपाशी बसली होती, जसे कुणीही आपल्या माणसाकडे जाऊन बसते. हाल्वोरने बंदुकीकडे पाहिले होते. योरुनने मात्र तिच्यापुढे भाकरी ठेवली. जिच्या हातचे खाल्ले ती नात्याची झाली, मग तिला नाव घेऊन कसे हाकारणार? विहाकेने तिला धाकटी बहीण करून टाकले आणि योरुनही तिला ताई म्हणू लागली. तिला डकोटा शब्द थोडेच येत, पण एकेक शब्द ती असा जपून उच्चारायची की विहाकेला आपलीच भाषा नवी वाटे.

विहाकेने बोटांनी माती बाजूला केली. आत रानउंदरिणीचे कोठार होते. भुईतल्या शेंगांचे दाणे तिने हिवाळ्यासाठी निवडून, पुसून रचून ठेवले होते. योरुनने हरखून दोन्ही हात घातले आणि सगळेच ओढायला लागली. विहाकेने तिचे मनगट धरले.

"थोडे ठेव. सगळं न्यायचं नसतं."

मग तिने कमरेच्या पिशवीतून मक्याचे मूठभर दाणे आणि चरबीचा तुकडा काढून कोठारात ठेवला, वर गवत घातले, माती दाबली आणि हिरवळीचा तुकडा जागच्या जागी बसवला. उंदरिणीचीही लेकरे असतात, तिने खुणा करत समजावले. घेतले की काहीतरी ठेवायचे, आणि घर होते तसे बुजवायचे.

योरुनने बराच वेळ त्या जागेकडे पाहिले. उंदरिणीला राग येत नाही का, असे तिने शब्द जुळवत जुळवत विचारले.

"राग येऊन काय करणार बिचारी?" विहाके हसली. "पुन्हा भरते."

तिची नणंद हापन पलीकडे शेंगा गोळा करत होती. नणंद-भावजयांनी एकमेकींना टोचल्याशिवाय दिवस मावळत नसे, तसा त्यांच्यात रिवाजच होता.

"वहिनी, सगळी विद्या आजच संपवू नका," ती म्हणाली. "उद्या काय शिकवाल?"

त्याच आठवड्यात विहाकेने वावराच्या कडेला आपले पेव भरले. सालींनी मढवलेल्या त्या खड्ड्यात खाली सोललेला मका घातला आणि वर बियाण्याच्या कणसांच्या वेण्या. निळ्याकाळ्या दाण्यांचा तो मका तिच्या आईचा होता, आईला तिच्या आईकडून आलेला. आई गेली तेव्हा तिचे सगळे काही रिवाजाप्रमाणे वाटून टाकले होते. हे बी तेवढे उरले होते. येत्या वसंतात ते काढून वर, आखून दिलेल्या पट्टीत न्यायचे असे विहाकेने ठरवले होते. हाल्वोरचा नांगर काही कायमचा अडून राहणार नव्हता. दुसऱ्या कुणाकडे हे बी नव्हते.

हिवाळा शिकारीच्या मुक्कामांवर गेला. बर्फ इतके पडले की दिवस आणि रात्र यांत फक्त रंगाचा फरक उरला. विहाकेला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. आई पाठमोरी बसून कणसे सोलते आहे, दाणे टपटप पडताहेत, पण टोपली काही भरत नाही. ती आईला हाक मारी आणि स्वतःच्याच आवाजाने जागी होई. मग मेपलच्या राईत साखरेसाठी झाडांचा रस आटवण्याचे दिवस आले, वाफेत सगळ्यांचे चेहरे विरघळून गेल्यासारखे दिसू लागले, आणि ती स्वप्न विसरली.

बर्फ वितळल्यावर विहाके आणि हापन वळणावर परतल्या. पेवावरची हिरवळ इतकी नीट बसलेली होती की विहाकेला शंकाही आली नाही. तिने माती काढली, गवत काढले, साल उचलली.

पेव रिकामे होते. तळाशी कापडाची एक पुरचुंडी होती, वर नेटकी गाठ. आत मूठभर गहू आणि चरबीचा तुकडा.

हापनने वाकून पाहिले, पुरचुंडी पाहिली आणि तिला सगळे कळले.

"शिष्या हुशार निघाली हो वहिनी," ती म्हणाली. मग भावजयीच्या तोंडाकडे पाहून तिने जीभ आवरली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुरचुंडी कमरेला खोचून विहाके एकटीच ओंडक्यांच्या घरापाशी गेली. दार उघडे होते, तरी आज ती उंबऱ्याबाहेर थांबली.

योरुन धावत आली. गालांची हाडे वर आली होती, डोळे खोल गेले होते, पण ती आनंदाने हसत होती. तिने विहाकेला ओढतच आत नेले आणि चुलीपाशी बसवले. पोर आता बसायला लागले होते. त्याच्या हातात हाल्वोरची तपकिरीची लाकडी डबी होती आणि ती खुळखुळवत ते आपल्याशीच बोलत होते.

हाल्वोर तापाने पडला, गाय मेली, पीठ संपले, असे योरुनने मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितले. बियाण्याच्या गव्हाला हाल्वोर हात लावू देईना. तो खाल्ला तर पेरणार काय? मग ती पहार घेऊन दलदलीच्या कडेला गेली. जमीन गोठली होती, पण पोकळ जागा वेगळी वाजते. तिने ऐकले. सापडले.

"तू शिकवलंस तसं केलं, ताई," ती म्हणाली. "घेतलं. ठेवलं. घर नीट बुजवलं. गहू हाल्वोरला न कळता ठेवला."

शाबासकीची वाट पाहावी तशी ती पाहत होती. त्या चेहऱ्यात लबाडी कुठेच नव्हती, आणि विहाकेला तेच सोसवेना. लबाडी असती तर भांडता आले असते. या पोरीने चोरी केली नव्हती. तिने उंदरिणीचा वाटा मोजून ठेवला होता. ज्या नदीकाठी विहाकेची नाळ पुरली होती तिथे आता ही घरधनीण होती, आणि विहाके जमिनीखाली राहणारी. तिला भयंकर राग आला. पोराचे भरलेले गाल दिसले आणि राग तिथेच अडकला, बाहेर पडेना, गिळवेना.

"बियाण्याची कणसं? वेणी घातलेली?" तिने विचारले.

योरुनने आधी पोराकडे बोट दाखवले, मग पोटाकडे. खाल्ली.

पोराने डबी हलवली. खुळखुळ. विहाकेने मान तिरकी केली, जमीन ऐकताना करायची तशी. पुन्हा खुळखुळ. स्वप्नात दाणे याच आवाजाने टोपलीत पडत होते.

तिने हात पुढे केला. पोराने आढेवेढे न घेता डबी दिली. झाकण सरकवले तर आत निळेकाळे दाणे होते, चकचकीत, पोराच्या खेळण्याने गुळगुळीत झालेले.

विहाकेने ते तळहातावर ओतून घेतले. एका लहानशा वावराच्या कोपऱ्यापुरते होते. त्यांतले थोडे तिने डबीत परत टाकले. मग कमरेची पुरचुंडी सोडून चिमूटभर गहू वर घातला, झाकण लावले आणि अंगठ्याने दाबून पाहिले, घट्ट बसले की नाही ते. डबी पोराच्या हातात दिली.

पोराने डबी हलवली. आवाज बदलला होता. त्याने डबीकडे पाहिले, मग विहाकेकडे.

योरुनचे हसू हळूहळू ओसरले. तिने विहाकेच्या मुठीकडे पाहिले, डबीकडे पाहिले आणि तिचा हात आपसूक तोंडाशी गेला.

विहाके उठली. उंबऱ्यात पोचल्यावर तिने मागे वळून पाहिले.

"थोडे ठेवलेत, धाकटे," ती म्हणाली. "सगळं न्यायचं नसतं."