आजोबांच्या वयाचं पुस्तक

वाचनालयाच्या बालविभागात मी पुस्तकं वयानुसार लावते, त्यामुळे कोणी आलं की आधी वय विचारते.

"तीन वर्षांच्या मुलांचं द्या, मोठ्या अक्षरांचं," दहाएक वर्षांची मुलगी म्हणाली.

"धाकट्या भावासाठी?"

"नाही, आजोबांसाठी. मेंदूच्या आजारानंतर त्यांना अक्षरंच ओळखू येत नाहीत. कालचं बदकाचं पुस्तक त्यांनी फेकलं. म्हणाले, मी काय कुक्कुलं बाळ आहे? आता वाचायचंच नाही म्हणतात."

मी गोंधळले. लहानांच्या कप्प्यात अक्षरं मोठी, पण सगळीकडे ससे आणि बदकं. मोठ्यांच्या पुस्तकांत अक्षरं मुंगीएवढी.

"आजोबा काय काम करायचे?"

"गाड्या दुरुस्त करायचे. अजूनही बाबांच्या गाडीचा नुसता आवाज ऐकून बाबांना शिव्या घालतात."

बारा वर्षांच्या कप्प्यातून मी यंत्रांचं पुस्तक काढलं. पानभर इंजिन, प्रत्येक भागाला बाण आणि बाणापाशी एकच ठळक शब्द.

"हे जमेल त्यांना?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. फेकलं तर परत आण, दुसरं शोधू."

तिनं पुस्तक दोन्ही हातांनी तोलून पाहिलं. "हे फेकायला जड आहे," ती म्हणाली आणि घेऊन गेली.