कोरडी बनियान

"आई, खरं सांगजो, बाबाले पोहता येते का?"

संबोधीनं छातीभर पाण्यातून हा प्रश्न असा फेकला की काठावरच्या गोळेवाल्याची बर्फाची किसणीसुद्धा क्षणभर थांबली. तिच्या मागे मैत्रिणी निता आणि जिनल एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. 'विचारून दाखव, तेही सगळ्यांसमोर,' असं जिनल म्हणाली होती. आणि ही काही मागच्या वर्षीची संबोधी नव्हती. मागच्या वर्षीची संबोधी वर्गात हात वर करायच्या आधी शेजारणीला विचारायची, करू का म्हणून.

काठावर करंजाच्या सावलीत पांढऱ्या साडीत तिची आई, रूपा, बसली होती. भोवती सगळ्यांच्या चपला, मोबाइल, घड्याळं, पाण्याचा कॅन आणि जेवणाचा डबा. संबोधीच्या मते जगात दोनच प्रकारच्या बायका असतात, पाण्यात उतरणाऱ्या आणि चपला राखणाऱ्या. दुसऱ्या प्रकाराबद्दल तिला फार काही बोलायचं नसे. नुसता एक ओठ वर उचलला की भागायचं.

मायलेकींच्या मधोमध, कमरेइतक्या पाण्यात, एक हात हवेत तसाच धरून तिचे बाबा उभे होते. सतीशराव पोरांना 'हात कसा मारायचा' ते दाखवत होते, तेवढ्यात हा प्रश्न आला आणि हात वरच राहिला.

त्या जागेला उद्यान म्हणायचं ते फाटकावर तसं रंगवलंय म्हणून. आत सिमेंटचा एक जिराफ होता, त्याचा कान कुणीतरी लोंबकळून तोडलेला. बदकाच्या आकाराच्या दोन बोटी होत्या, त्यातलं एक बदक कायमचं कुशीवर निजलेलं. पायऱ्या संपल्या की तलाव, आणि तलावात गुडघाभर पाण्यात उभा राहून एकमेकांचे फोटो काढणारा अर्ध्या जिल्ह्याचा गोतावळा. गुडघ्यावर पाणी चढलं की बाया किंचाळत, आणि पुरुष 'भेऊ नका, मी हावो न' असं म्हणत स्वतः एक पायरी वर सरकत. मागच्या टेकडीवर जायला सिमेंटची पायवाट होती आणि तिच्या तोंडाशी 'ट्रेकिंग मार्ग' अशी पाटी. शाळेची प्रार्थना आणि प्रतिज्ञा संपायच्या आत माणूस वर पोचेल, एवढाच तो मार्ग. सकाळी सगळे वर जाऊन आले तेव्हा जिनलचे वडील, कापडदुकानवाले फूलचंदजी, माथ्यावर टेकले आणि म्हणाले, "हिमालय केला बाप्पा आज." या मंडळींकडून कसलीच अपेक्षा ठेवायची नाही, हे संबोधीनं तिथंच ठरवून टाकलं.

पण शिबिर इथंच होणार होतं. मे महिन्यात शाळेचं शिबिर, तंबूत मुक्काम, टेकडी, पोहणं. तलावाच्या मध्यात एक वाळकी बाभूळ अर्धी बुडून उभी होती. जी पोरं तिला हात लावून परत येतील, त्यांची नावं भागवत सर विभागाच्या स्पर्धेला पाठवणार होते. त्या बाभळीसाठी संबोधी दिवाळीपासून जीव टाकून बसली होती. मागच्या उन्हाळ्यात ती रिठदला मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून उतरली, आणि सुट्टी संपायच्या आत तिनं तो डबा सोडून दिला. डब्याबरोबर आणखीही बरंच काही सुटलं असावं, कारण तेव्हापासून तिला कोणाचंच काही मोठंसं वाटेनासं झालं होतं.

आज सरांनी चार घरच्या पालकांना जागा दाखवायला आणलं होतं. खोल बाजूला लक्ष ठेवायला एक पोहणारं मोठं माणूस लागणार होतं.

"पालकायपैकी कोणी पट्टीचा पोहणारा असन तर बरंच," सर सकाळी म्हणाले होते. "पण ज्याचं लेकरू शिबिराले, त्यालेच घेता येते. नाहीतर मी इथल्या भोयाले सांगतो. तो बारमास पाण्यातच रायते."

सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबांचा हात वर गेला होता.

"भोई कायले सर? मी हावो न! पोरीले मीच तं शिकवलं."

हे 'मीच शिकवलं' संबोधीला मिरचीसारखं झोंबलं. विहीर मामाची, दोर मामाच्या हातात, आणि बाबा तेव्हा वाशीमला. तरी हे वाक्य त्यांनी शेजाऱ्यांना ऐकवलं होतं, कॉलेजातल्या साहेबांना ऐकवलं होतं, आज तर गोळेवाल्यालाही ऐकवून झालं होतं. बाबांना तलावाकाठच्या जागांचं वेड. सुट्टी आली की घरादाराला घेऊन निघालेच कुठल्यातरी धरणावर, नाहीतर बागेत. प्रत्येक ठिकाणचा फोटो एकच, बाबा कमरेइतक्या पाण्यात, अंगठा वर. सकाळी गाडीत जिनल संबोधीच्या मोबाइलवर ते फोटो सरकवत होती, आणि मधेच थांबली.

"बोधी, तुह्या बाबाची बनियान पाह्य वं. एवढे तलाव झाले, छाती कोरडीच."

निता वाकून बघू लागली. मग तिघी बघू लागल्या. खरंच, प्रत्येक फोटोत बनियान पोटाखाली ओली, वर इस्त्री केल्यासारखी कोरडी.

"विचारू का त्याइले?" संबोधी म्हणाली.

"त्याइले कायले? ते हो म्हणतीन," जिनल म्हणाली. "काकूले विचार. आज पौर्णिमा हाये."

पौर्णिमेचं अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्या दिवशी रूपा उपोसथ धरायची. सकाळी विहारात जाऊन अष्टशील घ्यायचं, दुपारी बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही, आणि खोटं तर मुळीच नाही. गल्लीतल्या बाया आपली भांडणं पौर्णिमेपर्यंत राखून ठेवत आणि त्या दिवशी तिच्याकडून निकाल घेत. वर तिचा स्वतःचा एक कायदा होता, एक शील मोडलं की तो दिवस गेला. मागच्या पौर्णिमेला शेजारीण मिक्सर मागायला आली. रूपा बोलून गेली, 'बिघडला व बाई.' शेजारीण वळली, आणि भर दुपारी रूपानं ताट वाढून घेतलं.

"आता उपाशी राहून काय करू?" ती म्हणाली होती. "खोटं तं बोललीच."

एका मिक्सरपायी अख्खी पौर्णिमा गेली, म्हणून संबोधी दोन दिवस हसत होती.

या वेळी मात्र तिनं स्वतःच अष्टशील घेतलं होतं. त्यालाही जिनलच कारण. 'आम्हा जैनायचं सूर्य बुडाला की तोंड बंद, रोजचं. तुमचं महिन्यातून एकडाव, अन् तेही तुले जमत नाही,' असं ती म्हणाली. मग काय, सकाळी विहारात संबोधीचा आवाज सगळ्यांच्या वर. रूपा म्हणाली, "पाण्यात खेळणं उपोसथात बसत नाही, पोरी." संबोधी म्हणाली, "खेळणं नाही, सराव हाये." झालं, शील वाचलं.

आता तो प्रश्न तलावावर तसाच तरंगत होता.

रूपानं जवळची एक चपलेची जोडी सरळ केली. ती आधीच सरळ होती. मग मान वर करून पाण्याकडं बघितलं, संबोधीकडं नाही, बाबांकडं. त्यांचा हवेतला हात आता कपाळाशी आला होता, डोळ्यांवर ऊन येत असल्यासारखा. पायरीवर भागवत सर थांबले होते. फूलचंदजींनी तोंडाकडं नेलेला गोळा खाली घेतला होता.

"येते की," रूपा म्हणाली. "तुले काय करायचं? लग्नाच्या आधीपासून येते. पैनगंगेच्या पुरात उतरले हायेत."

काठावर एकदम हसू फुटलं. सरांनी टाळी वाजवली.

"झालं मग! ताई पौर्णिमेच्या बोलल्या, आता कोणाले विचारायचं राह्यलं? सतीशभाऊ, पक्कं. भोयाले नाही सांगत मी."

"पैज तू जिंकली," निता संबोधीच्या कानाशी म्हणाली, "पण तुहा बाप तुह्याहून जास्त जिंकला वं."

संबोधीनं अंग झोकून दिलं आणि बाभळीकडं निघाली. रागानं हात मारले की पाणी जड होतं, मामा म्हणायचा. तसंच झालं. म्हणजे खरंच येतं? मग एवढी वर्षं बनियान कोरडी कशी? वर्षभर जपून साठवलेला तिचा सगळा तुच्छपणा एकाएकी कुठं ठेवावा ते तिला कळेना.

बाभळीच्या खोडाला तिनं हात लावला. खोड शेवाळानं बुळबुळीत होतं. दम घ्यायला तिनं पाय खाली सोडले, आणखी सोडले, पण त्यांना काहीच लागलं नाही. वर ऊन होतं तसंच होतं, आणि पायांशी मात्र गार, काळं, कुठवर गेलं असेल ते न कळणारं. इथून काठ फार लांब दिसत होता. बाबा पाण्याबाहेर निघाले होते. जिराफ हाताच्या बोटाएवढा होता.

ती परत आली तेव्हा करंजाची सावली दुसऱ्या अंगाला सरकली होती. आई चपलांच्या मधे तशीच बसलेली. मांडीवर डबा उघडा. बाबांसाठी भरलेल्या पुऱ्या, लोणचं. आणि आई जेवत होती.

भुकेनं जेवतात तशी नाही. राहिलेलं काम उरकावं तशी, एकेक घास, खाली बघून.

"आई, बारा कवाचेच..." संबोधीच्या तोंडात चेष्टा तयार होती. ती तिथंच अडली.

मिक्सर.

तिनं आईच्या हलत्या जबड्याकडं बघितलं. आईनं वर बघितलं नाही.

बाबा टॉवेलनं मान पुसत आले. डब्याकडं त्यांची नजर गेली आणि टॉवेल मानेवरच थांबला. बनियान अजून छातीवर कोरडी होती. खालचा ओला भागही उन्हानं सुकत आला होता.

"रूपा," ते म्हणाले.

"पुऱ्या मऊ पडतात," रूपा म्हणाली. "संध्याकाळपर्यंत रायत नाहीत."

बाबा खाली बसले. गोळेवाल्यालासुद्धा बोलण्यात पुरून उरणारा माणूस, तो समोरच्या पाण्याकडं असा बघत होता, जणू ते पाणी त्याला नावानं ओळखतं. आता संबोधीला काहीही बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता, आणि मागे निता-जिनल ऐकायला हजर होत्या.

"सतीशभाऊ!" खालून भागवत सरांनी हाक मारली. त्यांच्या हातात दोराचं भेंडोळं होतं. "या जरा. पोरायसाठी बाभळीपर्यंत दोर लावून पाहू. मी इकडून सोडतो, तुमी तिकडं जाऊन बांधा!"

बाबा उठले. त्यांनी टॉवेलची नीट घडी केली, इतकी नीट की घरी कधी केली नव्हती, आणि ती रूपाकडं दिली. रूपानं टॉवेल धरला. बाबांनी हात मागे घेतला, पण टॉवेलचं एक टोक त्यांच्याच मुठीत राहिलं. दुसरं रूपा सोडत नव्हती.

"येतो सर," बाबा म्हणाले. आवाज काठाच्या पायरीपर्यंतसुद्धा गेला नाही.

निता आणि जिनल ओल्या केसांनी पायऱ्या चढून जवळ आल्या होत्या. संबोधीनं त्यांच्याकडं बघितलं, बाभळीकडं बघितलं. मग ओला हात कुडत्याला पुसला, आईच्या मांडीवरच्या डब्यातली एक पुरी उचलली आणि तोंडात कोंबली.

"अवं, तुहं शील..." रूपा पुटपुटली.

संबोधीनं पुरी चावली, गिळली, वरून लोणच्याची फोडही खाल्ली. घाई केली नाही. मग ती उभी राहिली आणि खालच्या सरांना, जिनलला, फूलचंदजींना, सगळ्यांनाच जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, बाबा, आइका. मी शिबिराले येत नाही. बाभळीपाशी पायाले तळ लागत नाही, मले भेव वाटते. सरले सांगा, माह्यं नाव काढा म्हणा. अन् माह्यं नाही तं बाबाचं बी."